माळ्यावरचा जावा

जून २०२३. बेळगावच्या उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीच्या मालकांचा सकाळी सकाळी फोन आला. "पुण्याच्या गिऱ्हाइकानं एक तक्ता पाठवलाय. कारखान्यात कुठलं कुठलं सॉफ्टवेअर आहे, त्याचं लायसन्स कुठं आहे, सगळं भरून पाहिजे म्हणतंय. तुमच्या प्रोग्रामखाली आमच्या पोरानं 'जावा' लिहिलंय. त्याचं बिल कुठं आहे की?"

बिल नव्हतं. कधीच नव्हतं. मी आणि माझा पार्टनर २००९ पासून टिळकवाडीत बसून फाउंड्र्यांचं स्टोअर आणि डिस्पॅच, निपाणीच्या तंबाखू वखारींचे हिशेब आणि दोन पतसंस्थांची खतावणी सांभाळणारी सॉफ्टवेअरं लिहितो. सगळी जावा या प्रोग्रामिंगच्या भाषेत, आणि ती चालायला गिऱ्हाइकाच्या संगणकावर जावा नावाचंच सॉफ्टवेअर लागतं. जावा फुकट असतो, हे आम्ही पावसाळ्यात लाईट जाते तितकं गृहीत धरलं होतं. मालकांना म्हटलं, "फुकट असतो तो, बिल नसतं." ते म्हणाले, "मग तसं लिहून द्या की, लेटरहेडवर." लेटरहेड काढलं आणि सही करण्याआधी, आयुष्यात पहिल्यांदा, जावाचं लायसन्स वाचायला बसलो. सही त्या दिवशी झाली नाही.

आमच्या समजुतीला चार वर्षं उशीर झाला होता. जावाच्या आठव्या आवृत्तीच्या, म्हणजे जावा आठच्या, जानेवारी २०१९ मधल्या २०२ क्रमांकाच्या अपडेटपर्यंत ओरॅकल या मालक-कंपनीचा जावा धंद्यातल्या साध्या संगणकावर फुकट वापरता येत होता. एप्रिल २०१९ मधल्या २११ पासून अटी बदलल्या: घरगुती वापराला आणि डेव्हलपमेंटला फुकट, पण कारखान्यात रोजच्या कामाला लावलात तर वर्गणी. नाव तेच, चिन्ह तेच, इन्स्टॉल करायची खिडकी तीच. बदलली ती फक्त 'मान्य आहे' या बटणावरची मजकुराची भिंत, आणि ती वाचतो कोण?

मग फाउंड्रीतले सहा संगणक तपासले आणि हसावं की रडावं कळेना. अकाउंट्समधली मुलगी शिस्तीची. कोपऱ्यात जावाचा तो कॉफीचा कप आला, अपडेट आहे म्हणाला, की लगेच करायची. तिचा संगणक ३०० च्या पुढच्या अपडेटवर, म्हणजे वर्गणीच्या हद्दीत. गेटवरचा माणूस चार वर्षं कपाला 'नंतर' म्हणत आलेला. त्याचा संगणक १८१ वर, कायद्यानं निर्धोक आणि सुरक्षेच्या दृष्टीनं भगदाड. निपाणीच्या वखारीतले दिवाणजी तर मला आधीच माहीत होते. सकाळी देवाला उदबत्ती, मग संगणक चालू, मग कपाला 'नंतर'. हा त्यांचा क्रम वर्षानुवर्षांचा.

वर्गणी किती, तेही काढलं. जानेवारी २०२३ पासून ओरॅकलचा हिशेब संगणकावर नाही, माणसांवर. कंपनीत जितके कामगार-कर्मचारी तितके मोजायचे, पूर्णवेळ, अर्धवेळ, हंगामी सगळे, भले त्यांनी आयुष्यात कीबोर्डला बोट लावलेलं नसो. ९९९ पर्यंत माणशी महिना १५ डॉलर हा छापील भाव. या फाउंड्रीत १८० माणसं. म्हणजे वर्षाला ३२,४०० डॉलर, तेव्हाच्या भावानं सव्वीस-सत्तावीस लाख. भट्टीवर हीट काढणाऱ्यांचेही धरून. मालकांना आकडा सांगितला तर ते थोडा वेळ बोललेच नाहीत. मग म्हणाले, "एवढ्यात मी नवी मोल्डिंग लाईन बघतोय."

फुकटचा आणि मोकळा जावा घ्यायचा हे त्याच मिनिटाला ठरलं. कुठला, हे ठरायला मात्र तीन आठवडे लागले.

पार्टनरचं पहिलं मत: "ओरॅकलचाच जावा सतरा घेऊया की, तो फुकट आहे." खरं होतं. सप्टेंबर २०२१ मध्ये आलेला सतरा त्यांनी पुन्हा धंद्यालाही फुकट केला होता. पण त्या अटींत खाली एक मेख होती. पुढची दीर्घ मुदतीची आवृत्ती आली की त्यानंतर एक वर्षापर्यंतचीच अपडेटं फुकट. एकवीस सप्टेंबर २०२३ मध्ये यायची होती, म्हणजे सप्टेंबर २०२४ नंतर पुन्हा तेच दुखणं. ज्या गिऱ्हाइकांना दर दोन वर्षांनी आवृत्ती बदलायला लावणं म्हणजे लग्न ठरवण्याइतकं काम, त्यांच्यासाठी हा सौदा नव्हता.

मग ओपनजेडीके, जावाच्या खुल्या सोर्सचा (मूळ कोडचा) प्रकल्प. इथं माझाही एक गैरसमज होता. मला वाटायचं, ओपनजेडीके म्हणजे कुणीतरी हौशी लोकांनी बनवलेली जावाची नक्कल. तसं काही नाही. जावा जिथं जन्मला त्या सन मायक्रोसिस्टिम्स कंपनीनं २००६ मध्ये जावाचा सोर्स खुला करायचं जाहीर केलं आणि २००७ मध्ये तो जीपीएल या खुल्या लायसन्सखाली बाहेर आला. २०१० मध्ये सन ओरॅकलकडे गेली, पण सोर्स खुलाच राहिला. ओरॅकलचा विकतचा जावा आणि इतरांचे फुकटचे, सगळ्यांचं मूळ हेच. जोंधळा एकच, गिरण्या वेगळ्या. कुणी ते पीठ टेम्युरिन म्हणून देतं, कुणी कोरेटो, झुलू, लिबेरिका. रेड हॅट, मायक्रोसॉफ्ट, सॅप यांच्याही गिरण्या आहेत. म्हणजे 'कुठला जावा चांगला' हा प्रश्नच चुकीचा. गिरणी किती दिवस चालणार, पीठ चाळलेलं असतं का आणि आपल्या भांड्यात मावेल असं देतात का, एवढंच बघायचं.

मालकांचे सीए मात्र जीपीएल हा शब्द ऐकून सावध झाले. त्यांनी कुठंतरी वाचलं होतं की जीपीएलचं काही वापरलं की आपलाही सोर्स जगाला द्यावा लागतो. हा प्रश्न फालतू नाही. आमची पोटापाण्याची गोष्ट आहे ती. सोर्सच वाटायला लागलो तर आमच्याकडे उरलं काय? उत्तर असं की ओपनजेडीकेच्या जीपीएलला 'क्लासपाथ एक्सेप्शन' नावाची पुरवणी जोडलेली आहे. जावाच्या लायब्रऱ्यांवर (तयार कोडवर) उभा असलेला तुमचा स्वतंत्र प्रोग्राम तुमचाच राहतो, त्याचं लायसन्स तुम्ही ठरवायचं. खुद्द जावाच्या पोटात बदल करून तो वाटलात, तर मात्र ते बदल द्यावे लागतील. आम्ही कशाला जावाच्या पोटात हात घालतोय! सीएंना ती पुरवणी छापून नेऊन दाखवली. त्यांनी चष्मा वर करून दोनदा वाचली, तारीख घातली, फाइलला लावली.

आता गिरणी. सगळ्यात आधी पार्टनरनं उत्साहात उतरवून ठेवलेली एक झिप फेकून दिली. ओपनजेडीकेच्या जुन्या बिल्डांच्या (तयार पुड्यांच्या) संग्रहातून त्यानं सतराची पहिलीच आवृत्ती आणली होती. चालते झकास, पण तिला अपडेट कधीच येत नाही. जावाच्या सुरक्षा दुरुस्त्या दर तिमाहीला येतात, जानेवारी, एप्रिल, जुलै, ऑक्टोबर. ज्या गिरणीतून त्या वेळेवर येत नाहीत ती आमच्या उपयोगाची नाही. फुकट आणि बेवारस यांत फरक आहे.

मायक्रोसॉफ्टचा बिल्ड जावा अकरापासून पुढचाच. आमची निम्मी गिऱ्हाइकं आठवर, म्हणून तो गळला. ॲमेझॉनच्या कोरेटोबद्दल पार्टनरला प्रेम, कारण जावाचे जनक जेम्स गॉस्लिंग २०१७ मध्ये ॲमेझॉनमध्ये गेले होते. हे कारण म्हणून मला पटलं नाही, तरी कोरेटोत खोट काहीच नव्हती. शेवटी आम्ही टेम्युरिनवर आलो. ते एक्लिप्स फाउंडेशन या ना-नफा संस्थेखाली, बऱ्याच कंपन्यांच्या सहभागानं चालतं. म्हणजे एखाद्या कंपनीचं मन फिरलं तरी सगळं बंद पडणार नाही. जावाच्या अधिकृत टीसीके चाचणीतून ते पास होतं. आणि सतरासाठीही नुसतं जेआरई (प्रोग्राम चालवण्यापुरता जावा) मिळतं, प्रोग्राम लिहायच्या साधनांसकट पूर्ण जेडीके गिऱ्हाइकाच्या गळ्यात मारावा लागत नाही. (रनटाइमची इंग्रजी अक्षरं उलटसुलट केली की टेम्युरिन होतं, हे कळल्यावर पार्टनरचाही विरोध मावळला.)

निवड झाली. आता जुना काढायचा, नवा सतरा टाकायचा, अर्ध्या तासाचं काम, असं मी मालकांना सांगून बसलो. तिथं फसलो.

जुन्या घराचा माळा रिकामा करायला घेतला की कळतं, इतक्या वर्षांत आपण तिथं काय काय टाकून ठेवलंय. आमच्यासाठी जावाचं फोल्डर म्हणजे असा माळा झालं होतं. हातातली वस्तू ठेवायला जागा नाही, टाक जावाच्या फोल्डरात. चौदा वर्षं.

पहिला दणका वजनकाट्यावर. भंगाराचा ट्रक काट्यावर उभा, ड्रायव्हर विडी ओढतोय, आणि पडद्यावर वजन शून्य. २०१० मध्ये काट्याचा इंडिकेटर सिरियल पोर्टवरून वाचायला आम्ही आरएक्सटीएक्स नावाची लायब्ररी वापरली होती. तेव्हाच्या सूचनेप्रमाणे तिची डीएलएल फाइल जावाच्या बिन फोल्डरात आणि जार फाइल लिबच्या आतल्या एक्स्ट फोल्डरात टाकली होती. नवा जावा आला, जुनं फोल्डर गेलं, त्याबरोबर काटाही गेला. परत तिथंच टाकावं म्हटलं तर ती सोय जावा नऊपासून काढूनच टाकलीय. नुसतं एक्स्ट नावाचं फोल्डर दिसलं तरी जावा सुरू व्हायला नकार देतो. गेटवरच्या माणसानं मागच्या पोराला कन्नडात काहीतरी म्हटलं. मला कन्नड चांगलं समजतं, हे तो विसरला असावा. त्या दिवशी काटापावत्या हातानं लिहिल्या. दोन दिवस बसून आरएक्सटीएक्स काढलं आणि जेसिरियलकॉम घातलं, ते आपल्या डीएलएलसारख्या फाइली जारमध्येच घेऊन फिरतं.

दुसरं, प्रमाणपत्रं. एका गिऱ्हाइकाच्या सर्व्हरवर चलनं पाठवायला त्या सर्व्हरची ओळख पटवणारं त्यांचं स्वतःचं सर्टिफिकेट आम्ही कधीतरी जावाच्या केसर्ट्स फाइलीत (विश्वासाच्या सर्टिफिकेटांच्या यादीत) घातलं होतं. नव्या जावात नवी केसर्ट्स, ते सर्टिफिकेट गायब, आणि पडद्यावर 'पाथ बिल्डिंग फेल्ड' म्हणून दीड पानाची लाल अक्षरं. आता ते आम्ही प्रोग्रामच्या स्वतःच्या फाइलीत ठेवतो. जावाच्या घरात आपली भांडी ठेवायची नाहीत, हा धडा इथंच मिळाला.

तिसरं बारीक होतं, पण सगळ्यात जास्त शिव्या त्यानंच खायला लावल्या. बिलं छापील स्टेशनरीवर निघतात, रकाने आधीच छापलेले. नव्या जावावर रक्कम रकान्याबाहेर. दोन मिलिमीटर, पण सीजीएसटीचा आकडा एसजीएसटीच्या घरात जाऊन बसला. कारण फॉन्ट. ओरॅकलच्या जावा आठबरोबर लुसिडा घराण्याचे फॉन्ट येतात, ओपनजेडीकेत येत नाहीत. आमच्या साच्यात २००९ पासून लुसिडा सॅन्स. तो सापडला नाही की जावा गुपचूप दुसरा फॉन्ट घेतो आणि अक्षरांची रुंदी बदलते. एरर नाही, सूचना नाही, काही नाही. नुसती बिलं वाकडी.

फॉन्टचा विषय निघालाच आहे तर आमच्या भागातली गंमत सांगतो. इथं बिलावर पार्टीचं नाव मराठीत, गावाचं कन्नडात आणि बाकी इंग्रजीत, असं एकाच ओळीत येऊ शकतं. जावा आठमध्ये अक्षरं जुळवायचं काम आयसीयू नावाच्या लायब्ररीचं जुनं इंजिन करायचं. नऊपासून हार्फबझ हे नवं इंजिन आलं. फरक बघायला आम्ही एक यादीच केली: चिक्कोडी, कित्तूर, हुक्केरी, उद्यमबाग, श्री, आणि त्यातली गावं कन्नडातही. कन्नडात जोडाक्षराचं दुसरं अक्षर खाली लटकतं, त्याला ओत्ताक्षर म्हणतात. जुन्यावर आमच्या एका फॉन्टात ते कधी बाजूला सरकायचं, कधी पुढच्या अक्षरात घुसायचं, आणि 'कन्नड असंच दिसतं संगणकावर' म्हणून लोकांनी सोडून दिलं होतं. सतरावर ते नीट खाली बसलं. हुक्केरीचा एक कारकून पडद्याला नाक लावून बघत म्हणाला, "आता आमच्या गावाचं नाव बरोबर आलं की." सगळ्या खटाटोपात एवढंच एक कौतुक वाट्याला आलं.

तरी विंडोजच्या फॉन्टांवर विसंबायचं नाही असं ठरवलं. जुन्या विंडोजवर हमखास असणारा मंगल विंडोज १० पासून ऐच्छिक झाला, असेलच असं नाही. म्हणून गूगलच्या नोटो घराण्याचे देवनागरी आणि कन्नड असे दोन्ही फॉन्ट प्रोग्रामच्या आतच घातले. तेही मोकळ्या लायसन्सचे. आणि एक्सपोर्ट केलेल्या फाइलीत मराठी नावांच्या जागी प्रश्नचिन्हांची रांग येणं, हे दुखणं ज्यांचं असेल त्यांनी ध्यानात ठेवा: विंडोजवर यूटीएफ-८ (सगळ्या लिपींची अक्षरं साठवायची पद्धत) आपोआप धरायला जावा अठरा उजाडावा लागला. सतरावर असाल तर एन्कोडिंगचा फ्लॅग स्वतः द्यायचा.

बाकीचं पटपट सांगतो. एक्सएमएल वाचणारं जॅक्सबी अकरापासून जावाच्या आत नाही, ते वेगळं आणून जोडलं. सतरावर जावाच्या आतल्या खोल्यांना कुलपं लागलीत, त्यामुळे एक जुनी लायब्ररी दारातच अडखळली. तिला नव्या आवृत्तीवर नेलं. यातलं बरंचसं आधीच कळलं असतं, कारण जावाबरोबर येणारं जेडेप्स हे साधन अशीच यादी काढून देतं. आम्ही ते वापरलं काट्याच्या प्रकरणानंतर. पतसंस्थेच्या लिनक्स सर्व्हरवर अहवाल निघेनात, कारण तिथं फॉन्टकॉन्फिग आणि फ्रीटाइप ही पॅकेजंच नव्हती. ती घातली, निघायला लागले.

आणि एक चकवा. टेम्युरिन नीट बसलं, तरी जुनी एक्झी फाइल म्हणायची, जावा सापडत नाही. ती जावाचा पत्ता विंडोजच्या रजिस्ट्रीत (सेटिंगांच्या नोंदवहीत) 'जावासॉफ्ट' या नोंदीत शोधायची, आणि टेम्युरिनच्या इन्स्टॉलरमध्ये ती नोंद करायचा पर्याय आपण निवडल्याशिवाय चालू होत नाही. जावाचा पत्ता सांगणाऱ्या 'जावा होम' या सेटिंगचंही तसंच. नुसतं 'पुढे, पुढे' करत गेलात की चुकलात. यावर वैतागून आम्ही शेवटी जावाबरोबर येणारं जेलिंक हे साधन वापरून लागतील तेवढेच भाग घेतलेला जावा आमच्या प्रोग्रामच्या फोल्डरातच द्यायला लागलो. आता गिऱ्हाइकाच्या संगणकावर दुसरा कुठला जावा आहे, नाही, आम्हाला देणंघेणं नाही. त्याबरोबर येणारं 'लीगल' फोल्डर मात्र उडवायचं नाही, लायसन्सचे कागद त्यात असतात.

मालकांचा एक प्रश्न राहिला होता. "फुकटचं आहे म्हणता, मग उद्या बिघडलं तर धरायचं कुणाला?" मी म्हटलं, "आम्हाला." ते म्हणाले, "ते तर आधीपासनंच होतं की." खरं होतं. फक्त एक काम नव्यानं आमच्याकडे आलं. टेम्युरिनच्या जावाला तो आठवण करून देणारा कप नाही. आणि जावा आमच्याच फोल्डरात, म्हणजे तिमाही दुरुस्ती आली की नवा पुडा बांधून सगळीकडे पोचवायचा आम्हीच. तिसऱ्या आठवड्यात, वर्षातून चार वेळा. देखभालीच्या करारात त्याचे पैसे आम्ही पहिल्यांदाच वेगळे लावले. कुणी कुरकुर केली नाही. सव्वीस लाखांचा आकडा ऐकलेल्या माणसाला आमचं बिल किरकोळ वाटतं.

पुण्याचा तक्ता ऑगस्टमध्ये भरला. जावाच्या रकान्यात टेम्युरिन, आवृत्ती, जीपीएल आणि क्लासपाथ एक्सेप्शन. पुन्हा विचारणा आली नाही.

निपाणी सगळ्यात शेवटी ठेवली होती, कारण दिवाणजींचा संगणक ३२-बिट विंडोज ७ चा. त्यावर सतरा घालायला मन धजेना. शिवाय मालकाच्या मुलाला आवडणारा एक आलेखांचा पडदा आम्ही कधीकाळी जावाएफएक्स या पडदे बनवायच्या लायब्ररीत केलेला. आठवरच राहायचं, ३२-बिट पाहिजे, वर जावाएफएक्सही पाहिजे. हे तिन्ही एका पुड्यात लिबेरिकाच्या 'फुल' बिल्डमध्ये मिळालं, तिथं तोच घातला. संगणक बदला म्हणून मी दर दिवाळीला सांगतो. दर दिवाळीला ते "बघूया की" म्हणतात.

महिन्यानं पुन्हा गेलो. वखारीत तंबाखूचा तो घशात बसणारा वास, बाहेर पाऊस. दिवाणजींनी चहा सांगितला आणि विचारलं, "तुम्ही नेमकं काय बदललंत? आम्हाला तर काहीच दिसत नाही." म्हटलं, दिसू नये म्हणूनच तर तीन महिने घालवले. हिशेब जुळतात का? जुळतात. पावत्या सरळ येतात? येतात.

मग ते कोपऱ्याकडे बोट दाखवून म्हणाले, "फक्त तो कप येईना झालाय. सकाळी उदबत्ती लावून बसतो, आणि दाबायला काही नाही."